मोफत प्रवेशाचं मोल कसं मोजायचं: गोव्यातल्या संशोधन संस्थांच्या खुल्या दिवसाचा हिशेब

दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था खुल्या दिवशी लोकांना आत घेते तेव्हा तिकीट लावत नाही. वास्कोच्या सड्यावरचं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र असो की जुन्या गोव्याजवळ एला इथली किनारी कृषी संशोधन संस्था, रीत तीच. पुढे वार्षिक अहवालात त्या दिवसाचे दोनच आकडे उरतात: किती माणसं आली आणि किती खर्च झाला. खर्च रुपयांत असतो, माणसं नुसती मोजलेली असतात. त्यामुळे निधी आखडला की खुल्या दिवसाची बाजू मांडणाऱ्याकडे रुपयांत सांगण्याजोगं काहीच नसतं.

पण लोकांनी पैसे मोजलेले असतात. पेडण्याहून आलेल्या पालकानं अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली असते, दोन बसचं तिकीट काढलेलं असतं, मुलाला वाटेत खाऊ घातलेलं असतं. ही रक्कम कदंब या सरकारी बससेवेच्या कंडक्टरकडे, पेट्रोल पंपावर आणि बुडालेल्या मजुरीत गेली, म्हणून संस्थेच्या वहीत दिसत नाही. ती गोळा करून नीट मांडता येते. त्याची पद्धत सत्तर वर्षांहून जुनी आहे, आणि त्यासाठी स्प्रेडशीट, एक छापील फॉर्म आणि दहाबारा उत्साही विद्यार्थी पुरतात. संस्थेचं जनसंपर्काचं काम पाहणाऱ्यांसाठी, अर्थशास्त्राच्या शिक्षकांसाठी आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला खरा प्रकल्प शोधणाऱ्या मुलामुलींसाठी ती इथे सविस्तर देतो आहे.

कल्पना कुठून आली

१९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला उद्यानांचं आर्थिक मोल सांगायचं होतं. प्रवेश जवळपास फुकट. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं पत्रातून सुचवलं की उद्यानाभोवती अंतराची वर्तुळं आखा, प्रत्येक वर्तुळातल्या लोकसंख्येच्या दर हजारी किती लोक येतात ते पाहा. लांबून येणाऱ्याला जास्त खर्च पडतो आणि म्हणून लांबून कमी लोक येतात, या दोन गोष्टींतूनच मागणीची रेषा मिळते. पुढे मॅरियन क्लॉसन यांनी १९५९मध्ये ती प्रत्यक्ष वापरून दाखवली. हीच प्रवासखर्च पद्धत.

विज्ञान संस्थांना ती लागू पडते हे ठळकपणे दिसलं जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या बाबतीत. तिथल्या महाकाय कणत्वरकाचा खर्च-लाभ हिशेब मिलान विद्यापीठाचे मासिमो फ्लोरिओ आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये मांडला. संशोधनलेख, तरुण शास्त्रज्ञांचं प्रशिक्षण, उद्योगांना मिळालेलं तंत्रज्ञान यांच्याच रांगेत त्यांनी प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या सामान्य माणसांना झालेला लाभही धरला, आणि तो मोजताना प्रवासाचा खर्च आणि वेळ यांचाच आधार घेतला. अब्जावधी युरोंच्या यंत्राच्या ताळेबंदात सहलीला आलेल्या शाळकरी पोरांना जागा मिळाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आधी प्रश्न ठरवा

‘खुल्या दिवसाचा आर्थिक फायदा’ म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात.

पहिली, आलेल्या माणसाला स्वतःला काय मिळालं आणि त्यासाठी तो किती मोजायला तयार होता. दुसरी, आसपास किती उलाढाल झाली: चहावाले, भेळवाले, टॅक्सी, पायलट म्हणजे मोटरसायकलचे टॅक्सीवाले. तिसरी, दूरचे परिणाम, म्हणजे एखादी मुलगी समुद्रविज्ञानाकडे वळली वगैरे.

या लेखातली पद्धत फक्त पहिल्या गोष्टीसाठी आहे. दुसरी गोष्ट गोव्यात विशेष फसवी ठरते, कारण पर्यटनाचे आकडे उलाढालीत सांगायची आपल्याला सवय आहे. म्हापशाचं कुटुंब त्या दिवशी म्हापशाच्या बाजारात न जेवता दोनापावलाला जेवलं तर पैसा या खिशातून त्या खिशात गेला, गोव्याच्या दृष्टीनं नवं काही निर्माण झालं नाही. शिवाय उलाढाल आणि भेट देणाऱ्याचा लाभ यांची बेरीज करायची नसते. अहवालात उलाढाल द्यायचीच असेल तर वेगळ्या पानावर द्या. तिसऱ्या गोष्टीला रुपये लावण्याचा मोह टाळा. तिची नोंद ठेवा, त्या मुलीचा पाच वर्षांनी माग काढा, पण पैशांत मांडू नका.

कोण येतं ते ओळखा

इथे घाई केली की पुढचं सगळं गणित बिघडतं. गोव्यातल्या संशोधन संस्थांत साधारण चार प्रकारचे लोक येतात आणि चौघांचा हिशेब चार तऱ्हांनी होतो.

स्वतःहून आलेली कुटुंबं आणि तरुण मंडळी हा पहिला गट. प्रवासखर्च पद्धत मुळात यांच्यासाठी आहे.

शाळांच्या तुकड्या हा दुसरा, आणि संख्येनं बहुतेक वेळा सर्वांत मोठा. यायचं की नाही हे मुलं ठरवत नाहीत, मुख्याध्यापक ठरवतात. बस शाळेची असते. म्हणून दर हजारी भेटींच्या गणितात त्यांना घालू नये.

तिसरा गट पर्यटकांचा. दोनापावलाची जेटी संस्थेपासून जवळच आहे. जेटीवर आलेला पुण्याचा माणूस फलक पाहून आत येतो, मत्स्यालयाचा काचखोका बघतो, खुशीत परत जातो. त्याचा पुणे ते गोवा खर्च या संस्थेच्या खात्यावर टाकणं खोटेपणाचं होईल. तो समुद्रकिनाऱ्यासाठी आला होता.

चौथा गट एलासारख्या ठिकाणी दिसतो. तिथे येणारा बागायतदार माडाची किंवा मसाल्याची रोपं, भाताच्या खारट जमिनीत टिकणाऱ्या जाती, शेळ्या-डुकरांचं संगोपन यांची माहिती घ्यायला येतो. त्याची भेट हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. त्याचा लाभ पुढच्या हंगामातल्या उत्पन्नात दिसेल आणि तो तिथेच मोजावा लागेल. या गटाला फॉर्मवर वेगळी खूण करा आणि मुख्य हिशेबातून बाजूला ठेवा.

फॉर्म: एक पान, त्याहून जास्त नाही

माणूस निघायच्या घाईत असताना फॉर्म भरतो. म्हणून प्रश्न मोजके हवेत:

- कुठून आलात? गाव, तालुका आणि पिनकोड. गोव्याचे पिनकोड ४०३ने सुरू होतात, त्यामुळे बाहेरचे लगेच वेगळे काढता येतात.
- आज सकाळी कुठून निघालात? पर्यटकाच्या बाबतीत हॉटेलचं ठिकाण इथे कळतं.
- बरोबर किती जण? मोठे किती, मुलं किती?
- कशानं आलात? बस, दुचाकी, गाडी, फेरीबोट. तिकिटांचे किंवा पेट्रोलचे अंदाजे किती झाले?
- घरातून निघाल्यापासून इथे पोचेपर्यंत किती वेळ लागला?
- आज कामावर खाडा करून आलात का?
- आज फक्त इथेच आलात की आणखी कुठे जाणार?
- इथे आला नसतात तर आजचा दिवस कुठे घालवला असता?

शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. पणजीचा माणूस ‘मिरामारच्या विज्ञान केंद्रात’ म्हणाला तर त्याच्याजवळ पर्याय होता, आणि तोही जवळ. सड्यावरच्या ध्रुवीय केंद्राबद्दल विचारलं तर बहुतेकांना पर्याय सुचणार नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१मध्ये गोव्यातूनच निघाली, आणि मैत्री व भारती ही अंटार्क्टिकावरची आपली ठाणी आज वास्कोचं हे केंद्र चालवतं. हिमगाभ्याचा, म्हणजे खोल बर्फातून खणून काढलेल्या दंडगोलाचा तुकडा काचेआड पाहायला मिळेल असं दुसरं ठिकाण इथल्या माणसाला कुठे मिळणार? पर्याय कमी असले की लोक जास्त त्रास सोसून येतात, आणि ते आकड्यांत उमटतं.

उत्पन्न थेट विचारू नका. व्यवसाय विचारा आणि अंदाज बांधा. फॉर्म कोकणीत, मराठीत आणि इंग्रजीत ठेवा. कोकणीचा देवनागरीबरोबर रोमी, म्हणजे रोमन लिपीतलाही करा, नाहीतर सासष्टीतले बरेच लोक तो हातात घेऊन तसाच परत देतील आणि तुमचा नमुना एका बाजूला झुकेल.

गेटवरची मोजणी

सगळ्यांकडून फॉर्म भरून घेणं शक्य नाही आणि गरजही नाही. गेटवर दोन माणसं फक्त डोकी मोजायला ठेवा: एक शाळांसाठी, एक इतरांसाठी. मग बाहेर पडणाऱ्या दर दहाव्या प्रौढाला फॉर्म द्या. दहावा कोण हे आकड्यानं ठरू द्या, चेहऱ्यानं नको. नाहीतर विद्यार्थी हसतमुख माणसांनाच गाठतात. नाही म्हणणाऱ्यांचीही नोंद ठेवा.

दिवस कोणता आहे ते टिपून ठेवा. समुद्रविज्ञान संस्था ज्या सीएसआयआर या राष्ट्रीय संशोधन परिषदेची आहे, तिचा स्थापनादिन २६ सप्टेंबरला येतो. चतुर्थी त्याच सुमाराला आली तर अर्धा गोवा घरच्या गणपतीच्या माटोळीखाली (वर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली) असतो. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला, म्हणजे परीक्षांच्या तोंडावर. जुन्या गोव्याच्या परिसरात डिसेंबरच्या आरंभी फेस्ताची, म्हणजे चर्चच्या उत्सवाची गर्दी रस्ते अडवते. एका वर्षाचे आकडे दुसऱ्याशी ताडताना हे सगळं लागतं.

एका माणसाचा खर्च

खर्चाचे दोन भाग: खिशातून गेलेले पैसे आणि वेळ.

पैशांत जाण्यायेण्याचं भाडं किंवा इंधन. गाडीचं इंधन माणसांत वाटून घ्या. घरीही खाल्लंच असतं असं जेवण धरू नका, वरचा जादा खर्च तेवढा धरा.

वेळेचं मोल हा वादाचा विषय आहे. प्रवासाच्या अभ्यासांत मोकळ्या वेळेचा तास मजुरीच्या तासाच्या एकतृतीयांश ते निम्म्या दरानं धरण्याचा प्रघात आहे. समजा, महिना २४,००० रुपये मिळवणारा माणूस महिन्याला २०० तास काम करतो. तासाला १२० रुपये. त्याचा एकतृतीयांश ४० रुपये. जाऊन येऊन दीड तास लागला तर वेळेचे ६० रुपये. खाडा करून आलेल्याला मात्र पूर्ण मजुरी धरा, कारण त्यानं ती खरोखर गमावली आहे. मुलांच्या वेळेला शून्य धरून एकदा आणि मोठ्यांच्या पाव दरानं एकदा, असा दोनदा हिशेब करा आणि दोन्ही आकडे छापा.

फेरीबोटीनं पायी येणाऱ्याला भाडं पडत नाही, पण धक्क्यावर थांबण्याचा वेळ पडतो. दिवाडी किंवा चोडणच्या माणसाचा खर्च शून्य लिहू नये. आणि झुआरीचा नवा पूल डिसेंबर २०२२मध्ये वाहतुकीला खुला होऊ लागल्यापासून पणजी–वास्को वेळ बदललेला आहे. सड्यावरच्या केंद्रासाठी जुन्या सर्वेक्षणातल्या वेळा उचलू नका. पूल झाला की संस्थेनं काही न करताही तिथल्या भेटीचं मोल वाढतं.

पट्टे आणि मुख्य गणित

आता तालुक्यांचे गट करा. दोनापावलासाठी तिसवाडी हा पहिला पट्टा, बार्देश आणि मुरगाव दुसरा, सासष्टी, फोंडा, डिचोली, पेडणे तिसरा, काणकोण चौथा. सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा यांना प्रत्यक्ष लागणारा वेळ पाहून योग्य पट्ट्यात टाका, नकाशावरचं अंतर पाहून नको. तालुक्यांची लोकसंख्या जनगणनेतून घ्या. २०११चे आकडे जुने झाले आहेत, पण सगळ्या पट्ट्यांना एकाच वर्षाचे लावले तर तुलना टिकते.

खालचे आकडे पद्धत कळावी म्हणून मी सोपे करून घेतलेले आहेत, कोणत्याही संस्थेचे नाहीत.

पहिला पट्टा: लोकसंख्या २ लाख, सरासरी खर्च १०० रुपये, आले १,६०० (हजारी ८).
दुसरा पट्टा: लोकसंख्या अडीच लाख, खर्च २०० रुपये, आले १,५०० (हजारी ६).
तिसरा पट्टा: लोकसंख्या ३ लाख, खर्च ३०० रुपये, आले १,२०० (हजारी ४).
चौथा पट्टा: लोकसंख्या ५० हजार, खर्च ४०० रुपये, आले १०० (हजारी २).

खर्च शंभर रुपयांनी वाढला की हजारी दोन माणसं गळतात. ही रेषा पुढे नेली तर ५०० रुपयांना कोणीच येणार नाही. म्हणजे पहिल्या पट्ट्यातून १०० रुपयांत आलेल्यांपैकी काही जण फार तर ११० देणारे होते, काही थेट ४९० देणारे. सरासरी ३००. त्यांना पडले १००. उरलेले माणशी २०० रुपये हा त्यांचा निव्वळ लाभ; अर्थशास्त्रात याला उपभोक्त्याचं संतोषाधिक्य म्हणतात. रेषा सरळ असेल तर युक्ती सोपी: ५००मधून त्या पट्ट्याचा खर्च वजा करा आणि निम्मे करा.

पहिला पट्टा: १,६०० × २०० = ३,२०,००० रुपये.
दुसरा: १,५०० × १५० = २,२५,०००.
तिसरा: १,२०० × १०० = १,२०,०००.
चौथा: १०० × ५० = ५,०००.

एकूण ६,७०,००० रुपये, ४,४०० माणसांसाठी. माणशी साधारण १५२.

लोकांचा प्रत्यक्ष खर्च या उदाहरणात ८,६०,००० रुपये होतो. तो ६,७०,०००मध्ये मिळवून ‘पंधरा लाखांचा फायदा’ असं लिहू नका. खर्च म्हणजे लोकांनी दिलेली किंमत. लाभ म्हणजे त्या किमतीच्या वर उरलेलं. एकूण मोल पंधरा लाख तीस हजार, निव्वळ लाभ सहा लाख सत्तर हजार, असं दोन ओळींत स्पष्ट लिहा. आणि निव्वळ लाभातून प्रवासखर्च पुन्हा वजाही करू नका, तो आधीच वजा झाला आहे.

प्रत्यक्षात बिंदू इतके शहाण्यासारखे रेषेवर बसणार नाहीत. स्प्रेडशीटमध्ये कलरेषा (ट्रेंडलाइन) काढा. एखादा पट्टा फारच बाहेर पडला तर बहुधा शाळेची तुकडी त्यात घुसली आहे, किंवा त्या गावात संस्थेतले कर्मचारी राहतात आणि नातलगांना घेऊन आले आहेत. अशा वेळी फॉर्म पुन्हा उघडून पाहा.

संख्याशास्त्र शिकलेले विद्यार्थी विचारतात की प्रत्येक व्यक्ती वर्षातून किती वेळा आली यावर आधारलेली पद्धत का नको. वर्षातून एकदाच उघडणाऱ्या ठिकाणी ती चालत नाही: सगळ्यांचं उत्तर ‘एकदा’ असतं. पट्ट्यांची पद्धत इथे नाइलाजानं वापरलेली नाही, तीच योग्य आहे.

शाळा

शाळांसाठी खालची मर्यादा तेवढी काढा. बसचं भाडं किंवा शाळेच्या बालरथाचं, म्हणजे शाळेच्या बसचं डिझेल, सोबतच्या शिक्षकांचा वेळ, आणि पालकांनी भरलेली वर्गणी असेल तर ती. शाळेनं इतका खर्च आणि एक अध्यापनाचा दिवस दिला, म्हणजे निदान तेवढं मोल तिला वाटलं. हा आकडा ‘किमान’ या शब्दासह द्या आणि कुटुंबांच्या लाभात मिसळू नका, कारण एक एकूण मोल आहे आणि दुसरा निव्वळ. नाकारल्या गेलेल्या शाळांचीही यादी ठेवा. जागा नाही म्हणून परत पाठवलेली तुकडी ही मागणीच आहे, फक्त पुरी न झालेली.

पर्यटक

संस्था हेच गोव्यात येण्याचं कारण होतं असं सांगणारे अगदी थोडे असतील. त्यांचा पूर्ण प्रवास धरा, पण वेगळा दाखवा. बाकीच्यांचा फक्त त्या दिवशीचा वळसा धरा: कळंगुटच्या हॉटेलातून दोनापावला आणि परत. जेटीवर आलेच होते, त्यांचा जादा खर्च जवळजवळ शून्य; त्यांच्या बाबतीत आत घालवलेला वेळ तेवढा नोंदवा आणि रुपये लावू नका. आकडा लहान होईल. लहान राहू द्या. मोठा आकडा एका प्रश्नात कोसळतो आणि बरोबर सगळा अहवाल घेऊन जातो.

संस्थेचा खर्च

मंडप, छपाई, पाणी, सुरक्षा हे सगळे लिहितात. विसरला जातो तो शास्त्रज्ञांचा वेळ. तीस जणांनी दोन दिवस तयारीत आणि एक दिवस समजावून सांगण्यात घालवला तर ते नव्वद मनुष्यदिवस झाले. पगाराच्या दरानं ते लिहा. बंद ठेवलेल्या उपकरणांचं नुकसान, धक्क्यावर थांबवलेल्या संशोधन जहाजाचा दिवस, हेही खर्चच. शून्याखालच्या तापमानातल्या हिमप्रयोगशाळेत एका वेळी मोजकीच माणसं जाऊ शकतात आणि जाड कोटही मोजकेच असतात. म्हणजे इथे गर्दी वाढवण्याची किंमत वेगळी मोजावी लागते. रांगेत तासभर उभ्या राहिलेल्यांचा वेळ तर थेट लाभातून वजा होतो. हे लिहिताना कोणी हात आखडता घेऊ नये. खर्च पूर्ण दाखवलेला असेल तरच उरलेल्या लाभावर लेखापरीक्षक विश्वास ठेवतो.

आकड्यांचा उपयोग: काणकोणची बस

अहवाल फार तर चार पानांचा करा. कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे, वेळेचा कोणता दर धरला ते, किती फॉर्म भरले गेले ते. मूळ फॉर्म नावांशिवाय जपून ठेवा.

पण मला या पद्धतीचा खरा उपयोग वाटतो तो चौथ्या पट्ट्यात. तिथून शंभरच माणसं आली. समजा संस्थेनं काणकोणहून बस ठेवली आणि माणशी खर्च ४००वरून २०० झाला. आपल्या रेषेप्रमाणे हजारी दोनऐवजी सहा येतील, म्हणजे तीनशे माणसं. त्यांचा निव्वळ लाभ ३०० × १५० = ४५,००० रुपये. आधी ५,००० होता; वाढ ४०,०००. पन्नास जणांच्या सहा बस लागतील. एका बसचं दिवसाचं भाडं ५,००० धरलं तर खर्च ३०,०००. दहा हजार वर उरतात. मात्र बस अर्ध्या रिकाम्या धावल्या तर हा हिशेब उलटा फिरतो, म्हणून सहाच्या सहा एकदम ठरवू नयेत. पहिल्या वर्षी दोन ठेवाव्यात, पंचायतीमार्फत आणि शाळांमार्फत आठवडाभर आधी नावं घ्यावीत, आणि परतीच्या वाटेवर बसमध्येच फॉर्म वाटावेत. काणकोणपर्यंतच्या प्रवासात तो भरायला भरपूर वेळ मिळतो.